उत्तर पाचशे बारा बाइटांत मावेना

गाळप सुरू झालं की सांगली भागातल्या एका साखर कारखान्याच्या शेतकरी ॲपवर झुंबड उडते. बिल जमा झाल्याचा मेसेज गेला की तासाभरात अख्खं शिवार ॲप उघडून बसतं. उन्हाळ्यात तिथं कुणी फिरकत नाही. म्हणून हंगामात सर्व्हर वाढवायचे आणि पट्टा पडून गाळप थांबलं की उतरवायचे, असा आमचा शिरस्ता. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं, त्यानंतर काही यंत्रं साताऱ्याला हलवली. दोन्ही ठिकाणं व्हीपीएनने जोडली.

साताऱ्याच्या फायरवॉलवर ओपीएनसेन्स आहे आणि त्यातच एचएप्रॉक्सी बसवून आम्ही लोड वाटतो. पूर्वी नवा सर्व्हर उभा केला की त्याचा आयपी फायरवॉलमध्ये हाताने भरावा लागे. रात्री-अपरात्री फायरवॉलला हात लावणं मला पसंत नव्हतं. तेव्हा सर्व्हरांची नोंद ठेवणारा कॉन्सुल आणला. सर्व्हर सुरू झाला की तो कॉन्सुलकडे स्वतःची नोंद करतो. एचएप्रॉक्सी डीएनएसवरून, पोर्ट ८६०० वर, कोण कोण हजर आहे ते विचारत राहतो. साधा ए रेकॉर्ड नुसता आयपी देतो, एसआरव्ही रेकॉर्ड पोर्टसुद्धा सांगतो. म्हणून एसआरव्ही घेतला आणि सर्व्हर-टेम्प्लेटमध्ये दहा जागा ठेवल्या.

दुसऱ्याच दिवशी कारखान्याच्या संगणक विभागातल्या पोराचा फोन आला. ‘‘सर, सहा सर्व्हर चालू हाईत न्हवं? मग तुमच्या पानावर तीनच हिरवे का दिसत्यात?’’

एचएप्रॉक्सीचं स्टॅट्सचं पान उघडलं. खरंच तीन ओळी हिरव्या, बाकीच्या तपकिरी. थोड्या वेळाने पाहिलं तर भलत्याच तीन हिरव्या. लॅपटॉपवरून ‘डिग’ने विचारलं की कॉन्सुल बिनचूक सहा नावं देई. मग संशय जायचा तरी कुणावर? व्हीपीएन तपासलं, आरोग्यतपासणीचे चेक पाहिले, सगळं ठणठणीत.

शेवटी फायरवॉलवर टीसीपीडंप लावून पॅकेट वाचली तेव्हा उलगडा झाला. एचएप्रॉक्सी प्रश्न विचारतानाच सांगतो की उत्तर ५१२ बाइटांच्या आत दे. मुळातली सेटिंगच तशी. डिग त्याहून मोठं उत्तर घ्यायला तयार असतो. एसआरव्हीचं उत्तर लांबलचक, ५१२ मध्ये सहा सर्व्हर मावत नाहीत. कॉन्सुल मावतील तेवढेच देतो, शिवाय दर वेळी क्रम बदलून. उत्तरात नाव नसलेला सर्व्हर एचएप्रॉक्सी बाजूला काढतो. ज्याने त्याने आपापलं काम चोख केलं होतं, आणि अशी भानगड शोधायलाच सगळ्यात जास्त वेळ लागतो.

एचएप्रॉक्सीच्या रिझॉल्वरच्या सेटिंगमध्ये ‘ॲक्सेप्टेड पेलोड साइझ’ ४०९६ केला, कॉन्फिगरेशन लागू केलं आणि सहाही ओळी हिरव्या झाल्या.

फायरवॉलवर हे करणार असाल तर ८६०० पोर्ट फक्त फायरवॉलच्या आतल्या पत्त्यासाठीच उघडा, बाहेरून तो दिसता कामा नये. आणि टेम्प्लेटमध्ये हंगामाच्या गरजेपेक्षा चार जागा जास्त ठेवा. जागा दहा असतील तर अकरावा सर्व्हर कॉन्सुलमध्ये दिसतो, पण एचएप्रॉक्सी त्याच्याकडे एकही शेतकरी पाठवत नाही.