तपकिरीची डबी

उन्हाळ्याच्या सुटींत पुण्याहून आलेला आमचा नातू एके दिवशीं सकाळींच म्हणाला, "आजोबा, घट्ट झांकणाची एखादी लहानशी डबी आहे का हो?" कशास हवी म्हणून विचारतां त्यानें जो खेळ सांगितला, तो ऐकून जन्मभर मुलांकडून रूपें घोकून घेतलेल्या माझ्यासारख्या पंतोजीस प्रथम हंसूंच आलें.

खेळ असा : डबींत लहानशी वही व दोनचार क्षुल्लक वस्तु घालून ती कोठें तरी लपवावयाची आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश सर्वांस कळवावयाचे. ज्यास ती सांपडेल त्यानें वहींत सही करून डबी जागच्या जागीं ठेवावयाची. आंतली वस्तु उचललीच, तर तिच्या तोलाची दुसरी ठेवावयाची. यास जिओकॅशिंग म्हणतात. मे २००० च्या आरंभीं अमेरिकेनें आपल्या उपग्रहांच्या संकेतांत मुद्दाम ठेविलेली चूक काढून टाकिली, आणि ३ मे रोजीं डेव्ह अल्मर नांवाच्या गृहस्थानें ऑरेगॉन संस्थानांतील रानांत पहिली बादली लपविली.

मीं म्हटलें, "अरे, सांपडलेल्या निधीवर राजाचा हक्क, असें स्मृतिकार सांगतात, आणि १८७८ च्या निखात-निधीच्या कायद्याप्रमाणें दहा रुपयांवरील ठेवा सांपडला तर कलेक्टरास कळवावें लागतें!"

"आजोबा, यांत कांहीं पुरायचें नसतें. आणि दहा रुपयांचें आहेच काय आपल्याजवळ?" असें म्हणत त्यानें फडताळांतून डबी काढलीहि. ती माझ्या वडिलांची तपकिरीची पितळी डबी होती.

वाचकहो, त्या डबीची हकीकत सांगावयास मला लाज वाटते. आमच्या वाटण्या झाल्या तेव्हां शेत, घर, भांडीं सर्व बिनतक्रार वांटलीं गेलीं. दादांनीं एवढी डबी मागितली. ती माझ्या वांट्याच्या कपाटांत निघाली, म्हणून मीं ती दिली नाहीं. दादा इंदापुरास राहावयास गेले, मी बारामतींत राहिलों. मध्यें सुमारें ५० किलोमीटरांचा रस्ता आणि नऊ वर्षांचें मौन. मुलांचें मोबाईलवरील बोलणें मात्र कधींच थांबलें नव्हतें.

नातवास नाहीं म्हणवेना. पळसदेवाजवळ, उजनीच्या जलाशयाकांठीं, एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या परवानगीनें त्याच्या बांधावरील दगडांच्या कपारींत आम्हीं डबी ठेविली. पाणी ओसरून जुनें पळसनाथाचें देऊळ उघडें पडलें होतें. अक्षांशाचें एक मिनिट म्हणजे सुमारें १८५० मीटर. नातू तर मिनिटाचा हजारावा भाग टिपून घेत होता, म्हणजे जेमतेम दोन-तीन पावलें!

दिवाळींत तो पुन्हां आला, तेव्हां आम्हीं डबी पाहावयास गेलों. वहींत चार सह्या होत्या. तिसरी पाहून मी बांधावरच बसलों. तें अक्षर मी कसा विसरेन? पाटीवर मला पहिला 'श्री' दादांनींच गिरवावयास शिकविला होता. त्याखालीं त्यांच्या नातवाची सही होती. आंतली गोटी नव्हती. तिच्या जागीं एक कवडी होती. लहानपणीं आईबरोबर आम्ही सारीपाट खेळत असूं, त्यांतली ती कवडी.

परक्याचें द्रव्य ढेकळाप्रमाणें मानावें, हें मीं वर्गांत वर्षानुवर्षें शिकविलें. दादांनीं हातीं आलेली वडिलांची डबी, केवळ खेळाचा नियम म्हणून, पुन्हां कपारींत ठेविली होती.

पावसानें डबी बिघडली असल्यास असावी म्हणून नातवानें हिंगाची रिकामी डबी बरोबर आणिली होती. वही तींत घालून आम्हीं ती कपारींत ठेविली. पितळी डबी धोतरास पुसून मीं खिशांत घातली, आणि बारामतीची गाडी न धरितां इंदापूरची धरिली.

दादा ओसरीवरच होते. मीं कांहीं न बोलतां डबी पुढें केली. त्यांनीं ती कानाशीं धरून हालविली. आंत कवडी वाजली.

"बाकीच्या घरांत आहेत," एवढेंच ते म्हणाले, आणि वहिनींस सारीपाट काढावयास सांगितलें.