घरातलं डुक्कर म्हातारं होतं तेव्हा

मुलांनो, डुक्कर म्हटलं की आपण लगेच नाक मुरडतो. पण अमेरिकेतल्या काही घरांत डुक्कर चक्क सोफ्यावर लोळतं, बरं का! हे मूळचं व्हिएतनामचं डुक्कर. अंगाने बुटकं, पाठ मध्येच खचलेली आणि पोट जमिनीला टेकेल एवढं मोठं. १९८० नंतरच्या दशकात ते तिकडे पोचलं आणि बघता बघता लोकांचं लाडकं झालं.

माझी मावसबहीण तिकडेच राहते. तिच्या शेजारच्या आजींनी अशी एक डुकरीण पाळली आहे. वय वर्षं नऊ. मागच्या वर्षी तिचं पोट फुगायला लागलं. आधीच एवढं मोठं पोट, आणखी थोडं वाढलं तर कुणाच्या लक्षात येणार? सगळ्यांना वाटलं, चरबी वाढली. मग तिने खाणं सोडलं. आता डुकराने खाणं सोडलं म्हणजे काहीतरी बिनसलंच! जनावरांच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली. गर्भाशयात भली मोठी गाठ!

मी हे वर्गात सांगितलं, तेव्हा एका मुलीने विचारलं, "बाई, डुकरांना पण कॅन्सर होतो?"

होतो. मात्र प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते. साधी गाठ जागच्या जागी वाढते. कॅन्सरची गाठ आजूबाजूला घुसते, रक्तातून फुप्फुसांपर्यंतही पोचते.

डुकरांच्या अशा गाठी पूर्वी डॉक्टरांना फारशा दिसतच नसत. त्याचं कारण कळलं तेव्हा मला वाईट वाटलं. मांसासाठी पाळलेलं डुक्कर साधारण सहा महिन्यांचं झालं की कापतात. ते म्हातारं होतच नाही! घरातलं डुक्कर मात्र पंधरा वर्षंही जगतं, म्हणून म्हातारपणाची दुखणी दिसू लागली. त्यात माद्यांच्या गर्भाशयाच्या गाठी पुष्कळ. लहान वयातच शस्त्रक्रिया करून गर्भाशय काढलं, तर ही गाठ होणार कुठे? पाळीव मांजरींची करतात ना, तशीच शस्त्रक्रिया. म्हातारपणी तीच अवघड होते. चरबीचे थर, शिवाय भूल देण्याचा धोका.

आजी दोन दिवस तिच्याजवळ बसून होत्या. मग डॉक्टरांना "करा" म्हणाल्या. गाठ काही किलोंची निघाली. तपासणीत साधी ठरली! आठवड्याभरात स्वारी पुन्हा खायला लागली. टाके भरून येईपर्यंत चिखलात लोळायला मात्र बंदी होती, आणि त्याचाच तिला फार राग!