हजेरीपट आणि झाडाखालचा तास



परदेशात इंग्रजी शिकवून आले म्हटलं की लोक पहिला प्रश्न विचारतात, "त्यांची भाषा येत नसताना शिकवलं कसं?" त्याचं उत्तर सोपं आहे. हातवारे, चित्रं आणि भरपूर धीर! मला जास्त विचार करायला लावला तो दोन साध्या गोष्टींनी. एक हजेरी आणि दुसरी वर्गाबाहेर घेतलेला तास. या दोन गोष्टी वेगळ्या वाटतात, पण माझ्या अनुभवात त्या एकमेकींत गुंतलेल्या निघाल्या. तेच आज सांगते.

मी साताऱ्याकडची. उत्तर थायलंडमधल्या लाम्फून प्रांतात एका सरकारी माध्यमिक शाळेत दोन वर्षं होते. एका वर्गात ४० मुलं. इंग्रजीचे आठवड्याला तीन तास, त्यातले दोन थाई शिक्षिका घ्यायच्या आणि संभाषणाचा एक मी. हजेरी मात्र तिन्ही तासांची एकत्र धरली जायची.

नाव कागदावर, हाक वेगळी

थाई मुलांना दोन नावं असतात. कागदावरचं लांबलचक नाव, त्यात बरेचदा आपल्या ओळखीचे संस्कृत शब्द लपलेले असतात. 'वंश' तिथे 'वोंग' किंवा 'पोंग' होऊन येतो. आणि दुसरं 'छू लेन', म्हणजे टोपणनाव. नोक म्हणजे पक्षी, प्ला म्हणजे मासा, फोन म्हणजे पाऊस, शिवाय बॉल, बँक, गोल्फ असली इंग्रजी नावंही. घरीदारी आणि वर्गात हाक मारतात ती टोपणनावानेच. हजेरीपटावर मात्र असतं कागदावरचं नाव आणि अनुक्रमांक.

म्हणून मी पहिल्या आठवड्यातच प्रत्येक वर्गाचा बसण्याचा नकाशा काढला आणि त्यात क्रमांकासमोर टोपणनाव लिहून घेतलं. तुम्हीही नव्या शाळेत गेलात, परदेशात असो की शेजारच्या तालुक्यात, तर हे आधी करा. ज्या मुलाला आपण हाक मारू शकत नाही, त्याची गैरहजेरी आपल्याला जाणवत नाही. ती फक्त कागदावर पडते.

हजेरीला तिथली मुलं 'मा ख्रप' आणि मुली 'मा खा' म्हणतात. 'मा' म्हणजे येणे. म्हणजे आपलं 'हजर' नाही, तर सरळ 'आलो', 'आले'. मला हे फार आवडलं. पण तास इंग्रजीचा, मग मी एक बदल केला. नाव घेतलं की 'प्रेझेंट'ऐवजी त्या दिवसाच्या विषयातला एक शब्द सांगायचा. आज फळं, उद्या घरातल्या वस्तू. आधी दुसऱ्याने सांगितलेला शब्द चालणार नाही! चाळीस मुलांना चार-पाच मिनिटं लागतात, पण तेवढ्यात प्रत्येकाच्या तोंडून एकदा तरी इंग्रजी निघतं आणि हजेरीही होते. शेवटच्या क्रमांकांवर अन्याय होतो, म्हणून एक आड एक दिवस उलटी सुरुवात.

८० टक्क्यांचा नियम

तिथल्या माध्यमिक शाळेत एखाद्या विषयाच्या किमान ८० टक्के तासांना हजर राहावंच लागतं. नाहीतर सत्राच्या शेवटी गुणांच्या जागी 'मो सो' असा शेरा पडतो, म्हणजे परीक्षेला बसण्याचा हक्क नाही. हिशोब बघा. आठवड्याला तीन तास, साधारण २० आठवड्यांचं सत्र, म्हणजे ६० तास. बारा गैरहजेऱ्या चालतात, तेराव्यापासून अडचण. अगदीच ६० टक्क्यांच्या खाली गेलं नसेल तर जादा तास घेऊन भरपाईची सोय असते, पण ती धावपळ सत्र संपताना सगळ्यांच्या डोक्यावर येते.

मग आपण पेनाने जी खूण करतो, ती साधी राहत नाही. म्हणून मी हजेरीपटाशेजारी एक छोटी वही ठेवली. गैरहजर मुलाचा क्रमांक, वार आणि कळलं तर कारण. आजारी, खेळाचा सराव, शाळेचंच काम, घरचं काम. महिन्याभरात त्या वहीतून जे दिसतं ते पटावर दिसत नाही. कोण सोमवारीच नसतो, कोण शेवटच्या तासाला गायब होतो, हे लगेच लक्षात येतं.

दुसरा एक नियम मी स्वतःला घालून घेतला. बाराव्या गैरहजेरीची वाट बघायची नाही. सहावी झाली की वर्गशिक्षकांना सांगायचं.

तास बाहेर का न्यायचा?

थाई वर्गात तास सुरू होताना मॉनिटर 'स्टँड अप प्लीज' म्हणतो. मग सगळा वर्ग एका सुरात 'गुड मॉर्निंग टीचर', आणि मी 'हाउ आर यू?' म्हटलं की 'आय अ‍ॅम फाइन थँक यू, अँड यू?' ज्याला ताप आहे तोही फाइनच! आपल्याकडेही हेच चालतं ना?

बाहेर झाडाखाली गेलं की तो सूर आपोआप मोडतो. थाई भाषेत अनेकवचनासाठी शब्दाला शेपूट लागत नाही, आणि शब्दाच्या शेवटचा 'स' जिभेवर येतच नाही. शेवटचा 'ल' तर 'न' होतो, फुटबॉलचा 'फुटबॉन'. फळ्यावर 'ट्री, ट्रीज' कितीही लिहा, डोक्यात शिरत नाही. बाहेर एका झाडाकडे धावायला सांगा, मग तीन झाडांकडे. शेवटचा आवाज ऐकला नाही तर चुकीच्या ठिकाणी पोहोचतो. मग तो आवाज ऐकला जातो. 'अंडर', 'बिहाइंड', 'बिटवीन' हे शब्दही असेच, उभं राहून शिकायचे.

बाहेर जाताना मी काय पाळायचे

बाहेरचा तास म्हणजे मोकळीक, असं समजून गेलात तर दहा मिनिटांत निम्मा वर्ग कँटीनपाशी दिसेल. माझ्या काही सवयी लिहिते, तुमच्या शाळेतही चालतील.

१) आदल्या दिवशी वर्गशिक्षकांना आणि शेजारच्या वर्गाच्या शिक्षकांना सांगून ठेवणे. परक्या देशात तर हे जास्तच गरजेचं.

२) मोजणी तीनदा. वर्गात, बाहेर पोहोचल्यावर आणि परतल्यावर. बाहेर मुलं आपापला क्रमांक इंग्रजीत म्हणतात. 'थर्टीन' आणि 'थर्टी'चा घोळ इथेच सुटतो.

३) जोड्या. प्रत्येकाचा एक जोडीदार. 'हू इज मिसिंग?' विचारलं की जोडीदाराने उत्तर द्यायचं. नाव सांगणं ही चहाडी नाही, काळजी आहे, हे आधी नीट समजावून सांगायचं.

४) वेळ. आमच्या शाळेत वर्गाबाहेर बूट काढून आत बसायचं, त्यामुळे बाहेर पडताना बूट घालायलाच पाच मिनिटं जायची. ५० मिनिटांच्या तासात बाहेरचं काम २५ मिनिटांचंच धरायचं. (दाराबाहेरचे बूट बघून आज पट किती भरलाय हेही कळतं!)

५) हवामान. जून ते सप्टेंबर पावसाचे, म्हणून तास सकाळचा. नोव्हेंबर ते जानेवारी उत्तम. फेब्रुवारीनंतर शेतातल्या आणि डोंगरावरच्या आगींचा धूर साठतो, तेव्हा बाहेर न्यायचंच नाही. आणि बसण्याआधी लाल मुंग्या बघायच्या!

लोंगानचा हंगाम

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसले, ते सांगते.

लाम्फून लोंगानसाठी प्रसिद्ध आहे. लिचीच्या कुळातलं फळ, साल तपकिरी, आत पांढरा गर. तोडणी जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे ऐन सत्रात. माझ्या नवव्या इयत्तेच्या वर्गात एक मुलगा होता, मागच्या बाकावर बसणारा, 'फाइन थँक यू'पलीकडे काही न बोलणारा. जुलैच्या मध्यापर्यंत त्याच्या वहीत सहा खुणा झाल्या, त्यातल्या शेवटच्या चार लागोपाठच्या दोन आठवड्यांतल्या.

तिथे वर्गशिक्षक दरवर्षी मुलांच्या घरी भेट देतात. त्याच्या वर्गशिक्षिका निघाल्या तेव्हा मीही बरोबर गेले. आई-वडील कामासाठी बँकॉकला, मुलगा आजोबांपाशी. अंगणापलीकडे लोंगानची झाडं, फांद्या फळांनी वाकलेल्या, खाली बांबूचे टेकू. आजोबांना शिडीवर चढवत नव्हतं. व्यापाऱ्याची गाडी ज्या दिवशी येईल त्या दिवशी माल तयार हवा. तो वार काही शाळेचं वेळापत्रक बघून ठरत नाही. पोर उनाड नव्हतं, घर चालवत होतं.

पडवीत टोपल्या लावलेल्या होत्या. त्यावर खडूने इंग्रजी अक्षरं, 'एए', 'ए', 'बी'. ही फळाच्या आकारानुसार प्रतवारी, आणि त्यावर भाव. मी बोट दाखवून विचारलं. मुलगा इंग्रजीत म्हणाला, "टीचर, एए बिग. एए मच मनी. बी नो मनी." दीड महिन्यात त्याच्याकडून ऐकलेलं हे पहिलं स्वतःचं वाक्य.

पुढच्या तासाला वर्ग शाळेच्या आवारातल्या लोंगानच्या झाडाखाली नेला. विषय 'बिग, बिगर, बिगेस्ट'. प्रत्येक गटाने फळं निवडून प्रतवारी करायची आणि आपली निवड इंग्रजीत पटवून द्यायची. त्या मुलाला आधी निरोप धाडला होता की तुझी गरज आहे. तो आला. फळ बोटांत फिरवून तो दुसऱ्या गटांच्या चुका दाखवत होता, "दिस वन स्मॉलर!" बाकीचे त्याला विचारायला येत होते.

एका तासाने त्याची हजेरी सुधारली, असं मी म्हणणार नाही. तोडणी संपेपर्यंत तो आणखी पाच वेळा नव्हता. पण वर्गशिक्षिकांनी आजोबांना बाराचा आकडा समजावून सांगितला होता, आणि गाडीचा दिवस कळला की मुलगा आदल्या दिवशी मला सांगून जायचा, "टुमॉरो आय नॉट कम, टीचर." सत्राअखेर अकरा गैरहजेऱ्या. तो परीक्षेला बसला. गुण बेताचेच पडले, पण रकान्यात गुण होते, 'मो सो' नव्हतं.

आपल्यासाठी

ऊसतोडीला जाणाऱ्या पालकांची मुलं आपल्यापैकी कितीजणांच्या पटावर आहेत! आपणही त्यांच्या नावापुढे खूण करतोच. शिक्षकांनो, त्या खुणेशेजारी कारण लिहायला लागा. आणि त्या मुलाला घरच्या कामात जे येतं, त्यावर वर्षातून एक तरी तास घ्या, मग तो झाडाखाली असो की बांधावर.

पालकांनाही एक विनंती. मूल येणार नसेल तर कारण काहीही असो, आदल्या दिवशी कळवा. "कामाला नेतोय" असं सांगायला संकोच वाटतो, मला माहीत आहे. पण खरं कारण कळलं तर शिक्षक काहीतरी वाट काढू शकतात. नुसत्या रिकाम्या रकान्यावरून काहीच कळत नाही.

थाई भाषेत शिक्षकाला 'ख्रू' म्हणतात, आपल्याच 'गुरु'वरून आलेला शब्द. ख्रूने वर्षातून एकदा तरी घरी यायचं, ही तिथली रीत. आपल्या वर्गातल्या सर्वात जास्त गैरहजर असलेल्या एका मुलाच्या घरी या महिन्यात जाऊन या. जाताना पट नेऊ नका, छोटी वही न्या.