रक्त आमचं, अर्ज कोणाचा?

मी पी.टी.चा मास्तर. शिट्टी, चेंडू, चुन्याची फक्की आणि सव्वीस जानेवारीची कवायत. हिंगणघाट तालुक्यातल्या एका शाळेत बारा वर्षं एवढंच केलं. संशोधन, अनुदान हे शब्द आपल्या वाट्याचे नाहीत असंच धरून चाललो होतो. मग एक दिवस एक पोरगं पळायला नाही म्हणालं.

सातवीतलं. आपल्याच वस्तीतलं. मार्चचं ऊन डोक्यावर आलेलं.

"सर, मांड्या लय दुखून राह्यल्या."

"नाटकं नको करू बे. दोन चक्कर जास्तीच्या मार."

त्यानं मारल्या. दुसऱ्या चकरीला लंगडत होता. मी शिट्टी वाजवत होतो.

रात्री निरोप आला, पोट्ट्याले सेवाग्रामले नेलं. सकाळी गेलो. हाताला सलाईन, डोळे हळदीसारखे पिवळे. माय पायथ्याशी बसलेली. मला पाहून उठली, पदर सावरला. शिव्या देईल असं वाटलं होतं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "तुमचा दोष नाही जी सर. मीच सांगतलं नाही."

पिशवीतून तिनं एक लाल कार्ड काढलं. सिकलसेलचं. दोन वर्षांपासून पेटीत साड्यांच्या खाली दडवलेलं. "मोठीचं लग्न जुळून राह्यलं व्हतं. सोयऱ्यायले समजलं असतं तं?"

मित्रांनो, ते पिवळे डोळे मी आधी पाहिले होते. माझ्या धाकट्या बहिणीचे. थंडी पडली की ती रात्रभर कण्हायची. माय तेल गरम करून तिचे गुडघे चोळायची आणि म्हणायची, वारं हाय. नवव्या वर्षी गेली. तिचं रक्त कोणी तपासलं नाही, म्हणून तिला नेमकं काय होतं हे मी छातीठोक सांगू शकत नाही. पण तिचा भाऊ असून मी त्या पोराला दोन चकरा जास्तीच्या मारायला लावल्या. शिकून काय केलं मी?

त्या दिवसापासून वाचायला लागलो. सिकल म्हणजे विळा. रक्तातल्या तांबड्या पेशी गोल असाव्यात, त्या विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात. मग मरणाच्या कळा. पाणी कमी पडलं, ताप आला, थंडी बाधली, अंग फार शिणलं, की कळ उठते. आई आणि बाप दोघंही नुसते वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणात लेकरू ग्रस्त होण्याची शक्यता चारात एक. अमेरिकेत हा रोग १९१० साली ओळखला गेला. नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलबद्दल १९५८ साली लिहिलं. म्हणजे दीक्षाभूमीनंतर दोनच वर्षांनी. धर्म बदलला ते साऱ्या जगाला कळलं. रक्तात काय आहे ते आमच्या वस्तीला कळायला आणखी कितीतरी वर्षं गेली.

कोणी म्हणतं, तुमच्या जातीचा रोग. म्हणणाऱ्याला सांगा, रोगाला जात नसते, भूगोल असतो. जिथं मलेरिया माजला होता तिथं हा गुण टिकला, कारण वाहकाला मलेरिया सहसा मारत नाही. हे ॲलिसननं आफ्रिकेत १९५४ साली दाखवलं. आपल्याकडे बौद्धांत आणि गोंडांत हा जास्त दिसतो, पण इतर जातींतही सापडतो. पाप नाही, शाप नाही, मागच्या जन्माचं काही नाही.

तर मी ठरवलं, अर्ज करायचा. विषय: सिकलसेल असलेली मुलं आणि शाळेतला शारीरिक शिक्षणाचा तास.

पहिला मसुदा एका रात्रीत लिहिला. सात पानं. त्यात माझी बहीण होती, जात होती, व्यवस्था होती. ओळखीच्या एका प्राध्यापकांनी तो वाचला आणि म्हणाले, "सगळं खरं आहे. पण यात प्रश्न कुठाय?" मला राग आला. दोन दिवस बोललो नाही. तिसऱ्या दिवशी कळलं, माणूस बरोबर बोलला. राग हे कारण असतं, उद्दिष्ट नसतं. उद्दिष्ट मोजता आलं पाहिजे. मग लिहिलं: अशा मुलांना किती वेळा जबरीनं पळवलं जातं? किती वेळा कायमचं झाडाखाली बसवून ठेवलं जातं? मास्तरला त्यांच्या रक्ताची खबर असते काय? बसवून ठेवणं हाही इलाज नाही. आपल्या ताकदीनं, मध्ये मध्ये दम घेत, पाणी पीत अशी मुलं खेळू शकतात, असंच डॉक्टर सांगतात. आम्हाला दोनच गोष्टी येतात, पळवणं नाही तर हाकलणं.

मग संमतीपत्रं. वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची नियमावली सांगते, पालकाला त्याच्या भाषेत समजावून सही घ्या, आणि सात वर्षांवरच्या लेकरालाही विचारा. हे मला फार आवडलं. आजवर कोणी विचारलं होतं आम्हाला? पण त्या पोराच्या मायनं कागद हातात धरून एकच विचारलं, "नाव तं नाही न येईल सर?" तेव्हा समजलं की या कामात धोका माझ्या पैशाला नाही, तिच्या पोरीच्या संसाराला आहे. म्हणून नावाऐवजी आकडा, आणि आकड्यांची वही माझ्या पेटीत कुलपात.

अर्ज योग्य मार्गाने जायला हवा. योग्य मार्ग म्हणजे संस्थेची सही. चार महिने चकरा. कार्यालयातला बाबू म्हणाला, "पी.टी.च्या मास्तरले कायचं संशोधन बाप्पा? चेंडूत हवा भरा."

शेवटी मुलाखतीचं पत्र आलं. उसना कोट घालून गेलो. टेबलापलीकडे तिघं. पहिला म्हणाला, हा डॉक्टरांचा विषय आहे. दुसरा म्हणाला, खेळातली कामगिरी वाढेल असं काही आणा. तिसऱ्यानं आडनाव वाचलं, वर पाहिलं. "तुम्ही त्याच समाजाचे ना? मग निष्पक्ष कसे राहणार?"

मी गप्प बसलो. उत्तर एसटीत सुचलं, पुलगावजवळ. मधुमेहावर काम करणाऱ्याला, तुमच्या घरी कोणाला साखर आहे काय, असं विचारून त्याचा अर्ज बाजूला ठेवलेला मी ऐकला नाही. आमचं रक्त नमुना म्हणून चालतं. आमचा हात लिहिणारा म्हणून चालत नाही.

मित्रांनो, इथं आपल्यालाही एक विचारायचं आहे. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. नाव घेतलं अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचं. त्या ब्लॅक पँथरनं १९७१ पासून काय चालवलं होतं? सिकलसेलची मोफत तपासणी! रोग काळ्यांचा म्हणून सरकार लक्ष देत नाही, तर आम्हीच तपासतो, म्हणून पोरं-पोरी दारोदार गेली. १९७२ साली तिथल्या सरकारला सिकलसेलचा कायदा करावा लागला. त्याच वर्षी टस्कीगीचा प्रकारही बाहेर आला. ३९९ काळ्या माणसांचा गरमीचा रोग चाळीस वर्षं नुसता पाहत बसले, औषध असून दिलं नाही. त्यालाही संशोधनच म्हणत होते. आपण पँथरची डरकाळी घेतली. तिची सुई घेतली नाही. रक्त त्यांचं आणि आपलं एकाच विळ्यानं कापलेलं असताना!

आणि हा विषय पी.टी.च्या मास्तरचा कसा, तेही ऐका. आपल्या प्रत्येक वस्तीतली पोरं पोलीस भरतीसाठी १६०० मीटर पळतात. पहाटे हमरस्त्यावर, उपाशी, पाणी न पिता. त्यांतल्या वाहक किती, कोणाला माहीत? अमेरिकी सैन्यातल्या रंगरुटांचा एक अभ्यास १९८७ साली छापून आला. काळ्या रंगरुटांत वाहक असलेल्यांना कवायतीत अचानक मरण येण्याचा धोका वाहक नसलेल्यांच्या २८ पट निघाला. २०१६ साली जवळजवळ ४८ हजार काळ्या सैनिकांचा दुसरा अभ्यास आला, त्यात वाहकांचे मृत्यू जास्त नव्हते. मधल्या काळात लष्करानं पाणी, विश्रांती आणि उन्हाचे नियम सगळ्यांना लावले होते. म्हणजे वाहकाला धावणं मना नाही. तहानेला, उन्हाला आणि आडमुठ्या मास्तरला मना आहे.

अर्ज नामंजूर झाला. एका ओळीचं पत्र. कारण नाही.

बाबासाहेब १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले. तीही अर्ज-करारातूनच आली होती. २०२३ साली बार्टीच्या फेलोशिपसाठी ८६१ संशोधक आझाद मैदानात बसले. ते भीक मागत नव्हते. त्याच वर्षी १ जुलैला सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. भर आदिवासी भागावर. चांगलंच आहे, गोंडाचं लेकरू आपलंच आहे. पण विदर्भातल्या बौद्ध वस्तीचा आकडा त्या कागदावर कोण चढवणार? जो अर्ज करील तो.

म्हणून मी पुन्हा लिहितो आहे. अनुदान नाही तोवर दोनशे पानी वही आहे. शाळेत तासाच्या आधी आणि मध्ये पाणी, दुपारच्या उन्हात धावणं बंद. दुखतं म्हणणाऱ्याला बसायची मुभा, कारण न विचारता. चार शाळांतले मास्तर हे पाळतात. पैसा लागला नाही.

तुम्ही काय करायचं? आधी स्वतःचं रक्त तपासा. लग्न जमवण्याच्या आधी तपासा, आणि लाल कार्ड पाहून सोयरीक मोडणाऱ्याला भर पंगतीत जाब विचारा. तुमच्यात कोणी एम.पी.एड., एम.एस.डब्ल्यू., नर्सिंगवाले असाल, तर अर्ज भरायला शिका. खर्चाचे रकाने शिका, नियमावली वाचा. घोषणा पाठ करतो तसं हेही पाठ करा.

ते पोरगं आता नववीत आहे. पळत नाही. माझ्या शेजारी उभं राहून शिट्टी वाजवतं, कोण किती दमलं ते वहीत लिहितं. परवा त्यानं विचारलं, "सर, तुमच्या अर्जात मदतनीसाची जागा हाय का?"

आहे म्हटलं. तो रकाना मी रिकामाच ठेवला आहे.

जयभीम.