कळसा आहे, पण काख कुणाची?

‘काखेत कळसा नि गावाला वळसा’ या म्हणीत सगळा दोष शोधणाऱ्याचा. कळसा त्याचा, काखही त्याचीच; सुटलंय ते फक्त भान. मुंबईतल्या कांजूरमार्गच्या घरांना ही म्हण लावू गेलं की ती अडते. स्टेशनच्या पूर्वेला महामार्ग ओलांडला की मिठागरं, कांदळवन आणि ठाण्याची खाडी. याच खाडीत २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं, २०२२ मध्ये त्याला पाणथळ जागेचा रामसर दर्जा मिळाला. तरी रविवारी पोरांना घेऊन माणसं लोकल बदलत गिरगाव चौपाटी गाठतात, ती विसरभोळी म्हणून नव्हे. खाडीच्या वाटेत द्रुतगती महामार्ग आहे, कचराभूमी आहे. शिवाय कळसा कुणाचा, हेच ठरलेलं नाही. २०२० मध्ये इथली १०२ एकर जागा मेट्रो कारशेडला द्यायचं ठरलं, तेव्हा केंद्र आणि राज्य दोघांनीही मालकी सांगितली आणि उच्च न्यायालयाने काम थांबवलं. २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने कचराभूमीची सुमारे १२० हेक्टर जमीन संरक्षित वन ठरवली. पुढे सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. कारशेड, कचरा, वन या सगळ्यांचे वकील उभे राहिले. मुलांना धावायला जागा हवी, हे म्हणणं कुणाच्याच अर्जात मध्यवर्ती नव्हतं.

पवई तलाव आहे, बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान आहे, असं कुणी म्हणेल. पण लहान मूल आणि म्हातारी आई सोबत असली की अंतर किलोमीटरात मोजता येत नाही. ते रिक्षाच्या भाड्यात आणि ओलांडाव्या लागणाऱ्या रस्त्यांत मोजावं लागतं. माणशी दहा ते बारा चौरस मीटर मोकळी जागा असावी, असं केंद्राची नगररचनेची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. त्या हिशेबात जमीन येते, तिच्यापर्यंतची वाट येत नाही. दुसरा आक्षेप मला जड वाटतो: पाणथळ जागा पायदळी तुडवायची नसते. पलीकडे ऐरोलीत वनखात्याच्या केंद्रातून होडीने पक्षी दाखवतात, म्हणजे जपून दाखवणं अशक्य नाही. पण या शहरात वाट झाली की तिच्यामागून इमारती येतात. कदाचित ज्या अडसराने कांजूरच्या मुलांना खाडी नाकारली, त्यानेच ती इतकी वर्षं राखलीही असेल. मग एका पायवाटेची मागणी करावी, तर तिच्यामागून काय येईल याची हमी मला देता येत नाही; आणि त्या भीतीपोटी आणखी एका पिढीला खाडीपासून दूर ठेवावं, हेही पटत नाही.