आटत्या पाण्याचे पाहुणे

मनमाड म्हटलें कीं लोकांना आठवतें तें स्टेशन. अपरात्रीं गाडी बदलण्यासाठीं फलाटावर काढलेले दोन-तीन तास, चहाचा एक कप आणि लांबून अंगठ्यासारखा उभा दिसणारा तो सुळका. बहुतेकांचें मनमाड एवढ्यांत संपतें. या गांवीं पक्षी पाहण्यासारखे आहेत असें मीं म्हटलें तर ऐकणारा माझ्याकडे थोड्याशा दयेनेंच पाहतो. "मग नांदूरमध्यमेश्वरला जा ना!" असा सल्लाहि मिळतो. सल्ला चुकीचा नाहीं. निफाड तालुक्यांतला, गोदावरी-कादवेच्या संगमाजवळचा तो जलाशय १९८६ पासून अभयारण्य आहे. २०२० सालीं रामसर यादींत गेलेलें तें महाराष्ट्रांतील पहिलें पाणथळ. पण तेथें जाणें ही यात्रा झाली. मला हवा होता तो रोजच्या पूजेचा देव्हारा, आणि तो मला गांवाजवळच्या वागदर्डीच्या धरणावर सांपडला.

मी पक्षिशास्त्रज्ञ नव्हे. उभा जन्म कॉलेजांत इंग्रजी काव्य शिकविण्यांत गेला. कीट्‌सच्या नाइटिंगेलवर आणि शेलेच्या स्कायलार्कवर मीं तासचे तास व्याख्यानें दिलीं. पण ते दोन्ही पक्षी मीं कधीं पाहिले नव्हते, आणि जी टिटवी आमच्या घरावरून रोज रात्रीं ओरडत जाई तिचें रूप कसें असतें हेंहि मला ठाऊक नव्हतें. पन्नाशी उलटल्यावर एका विद्यार्थ्यानें वर्गांत सरळच विचारलें, "सर, आपल्याकडच्या एखाद्या पक्ष्याचें सांगा ना!" मीं घड्याळाकडे पाहिलें. सुदैवानें तास संपत आला होता. त्याच आठवड्यांत मीं सलीम अलींचें पुस्तक आणलें. १९४१ सालीं तें प्रथम प्रसिद्ध झालें, तेव्हांपासून माझ्यासारख्या किती अडाण्यांना त्यानें साक्षर केलें असेल कोण जाणे!

अक्षरओळख झाली तशी गोडी वाढूं लागली. शास्त्रीय नांवांपेक्षां मला मराठी नांवांनीं वेड लावलें. काळ्याभोर अंगाचा आणि कपाळावर पांढरा टिळा मिरविणारा पक्षी दिसला. त्याला आपल्या लोकांनीं 'वारकरी' म्हणावें यांत नवल तें काय? गुलाबी काड्यांसारख्या पायांवर तोल सांवरीत चालणारा तो 'शेकाट्या'. चोचीच्या टोकाला चमचाच बसविलेला तो 'चमचा'. आणि तराजूंत घातला तर जेमतेम दोन-अडीच तोळे भरेल असा 'टिलवा'! हा इवलासा जीव उत्तर ध्रुवाजवळच्या वैराण प्रदेशांत जन्मतो आणि हिंवाळ्यांत हजारों मैल उडून आपल्या चिखलांत पोट भरावयास येतो. ज्या गांवीं प्रवासी केवळ गाडी बदलण्यासाठीं उतरतात तेथें हा मात्र मुक्कामाला येतो, याचा मला कोण अभिमान वाटे!

नुसत्या पाहण्यानें तृप्ति होईना म्हणून कॅमेरा आला, आणि कॅमेऱ्याबरोबर लोभ आला. पक्षी पाहणारा झाडाखालीं तासभर स्वस्थ बसूं शकतो. छायाचित्र घेणाऱ्याला तोच पक्षी दहा पावलें अलीकडे हवा असतो. धरण भरलेलें असलें कीं बदकें दूर मध्यभागीं ठिपक्यांसारखीं दिसत. पाणी ओसरूं लागलें म्हणजे कांठचा चिखल उघडा पडे. त्यांतले किडे नि अळ्या वेंचण्यासाठीं शेकाटे, टिलवे, तुतवार, धोबी उथळ पाण्यांत उतरत आणि माझ्या भिंगाच्या टप्प्यांत येत. पाणी जितकें कमी तितकें आपलें साधतें, हा हिशेब मी नकळत मांडूं लागलों होतों.

एका वर्षीं पाऊस दगा देऊन गेला. फाल्गुनांतच धरणाचा तळ दिसूं लागला. भेगाळलेला गाळ, मध्यें डबक्यासारखें उरलेलें पाणी, आणि त्या पाण्याभोंवतीं पक्ष्यांची अशी दाटी कीं मीं आजवर पाहिली नव्हती. मी हरखून गेलों. पोटावर पडून टिलव्यांच्या एका थव्याचें चित्र घेत होतों, तोंच मागून आवाज आला, "पाणी मोजाया आलेत का, साहेब?"

वळून पाहिलें तों शेळ्यांमागची एक म्हातारी उभी होती.

"नाहीं, आजी. पांखरांचे फोटो काढतों आहे."

"असं व्हय," ती म्हणाली. "मला वाटलं, सरकारनं धाडलं. किती दिस पुरंल ते सांगाल."

तिच्या बोलण्यांत टोमणा नव्हता. टोमणा असता तर मीं कांहीं उत्तर तरी दिलें असतें. ती शेळ्या हांकीत निघून गेली, आणि माझें लक्ष त्या दिवशीं प्रथमच पक्ष्यांवरून उठून पाण्याकडे गेलें.

घरीं आलों तों सौ. हंडे, कळशा, बादल्या ओळीनें मांडून बसली होती. नळाला पाणी येण्याची पाळी होती, पंधरवड्यानंतरची. मनमाडकरांनीं असे उन्हाळे पुष्कळ काढले आहेत. पालखेडच्या कालव्याचें आवर्तन केव्हां सुटणार, हा त्या दिवसांत लग्नाच्या मुहूर्ताहून मोठा प्रश्न असे. मीं उत्साहानें चित्र दाखविलें. तिनें तें नीट पाहिलें, "सुरेख आलंय" म्हणाली, आणि मग विचारलें, "पण पांखरांच्या मागें हें तडकलेलें काय दिसतंय?"

तो आमच्या धरणाचा तळ होता. चित्राची पार्श्वभूमि म्हणून मी त्याचीच तारीफ करणार होतों. मी कांहीं बोललों नाहीं. एक हंडा उचलून नळाखालीं सरकविला.

त्या रात्रीं मीं स्वतःची समजूत घालून पाहिली. मीं चित्रें काढलीं म्हणून कांहीं पाणी आटलें नव्हतें. धरण माणसांनीं आपल्या तहानेसाठीं बांधलें. दूरच्या पाहुण्यांनीं तें आपलेंहि मानलें, यांत कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. सगळें खरें. तरीहि एक गोष्ट उरलीच. साऱ्या गांवाच्या कपाळावर आठ्या पडल्या होत्या तेव्हां मी मनांतून खूष होतों. सौंदर्य पाहणें हें पाप नव्हे. पण तें कशाच्या मोलानें दिसत आहे तिकडे डोळेझांक करणें हा पाहण्यांतलाच अर्धवटपणा आहे. इतकीं वर्षें कविता शिकवितांना मीं हेंच तर केलें नसेल ना, अशीहि शंका मनाला चाटून गेली.

पक्षी पाहणें मीं सोडलें नाहीं. फक्त वहीच्या पानावर पक्ष्यांच्या नांवांआधीं त्या दिवशीं पाणी कोठवर होतें तें लिहूं लागलों.

पुढच्या श्रावणांत एके सकाळीं गेलों तों धरण तुडुंब भरलेलें. शेकाट्यांचें तें चिखलाचें अंगण सारें बुडून गेलें होतें. थंडीचे पाहुणे तर केव्हांच उत्तरेला परतले होते. एक पाणकावळा तेवढा दूरच्या खडकावर पंख पसरून वाळवीत बसला होता, तोहि भिंगाच्या टप्प्याबाहेर. मीं वहींत पाण्याची रेघ टिपली. पक्ष्यांच्या रकान्यांत लिहिण्यासारखें फारसें कांहीं नव्हतें. कॅमेरा पिशवींतून बाहेर काढलाच नाहीं. आणि तरी त्या दिवशीं मी शीळ वाजवीत घरीं आलों, असें सौ. सांगते.