सागाची तुळई, तांब्याची तार

सागवान जुनं झालं की त्याचा आवाज बदलतो. नुकत्याच चिरलेल्या फळीवर बोटाचं पेर आपटलं तर बसका, ओलसर आवाज येतो. पिढ्यान्‌पिढ्या छपराखाली वाळत राहिलेली तुळई त्याच टिचकीला खणखणीत उत्तर देते, कारण कंप गिळणारं पाणी तिच्यातून केव्हाच उडून गेलेलं असतं. जानेफळात कडीपाटाची जुनी घरं एकेक करून उतरतायत. स्लॅबच्या घराला तुळई लागत नाही, म्हणून उतरलेलं लाकूड अंगणात पडून राहतं आणि कुणाच्या तरी लग्नात चुलाणाखाली जातं. ते जळताना पाहवत नाही. माझ्या इलेक्ट्रिक गिटारीचं अंग अशाच एका तुळईतून निघालं. ते आमच्या कोठ्यात घडलं. बैल गेल्यापासून कोठा रिकामाच होता. गव्हाणीवर जाड फळी ठोकली की कमरेच्या उंचीचा उत्तम ओटा होतो.

मेहकर-खामगाव रस्त्यावरच्या, सोयाबीन-कपाशीच्या या गावात असलं वाद्य कशाला, असं विचारणारे भेटलेच. मला मात्र काम जसजसं पुढे सरकलं तसतसं वाटत गेलं की या वाद्याला लागणारी एकूणएक विद्या गावात आधीपासूनच आहे. ती वेगवेगळ्या घरांत राहते, एवढंच.

साध्या गिटारीला पोकळ पेटी लागते, कारण तारेचा बारीक आवाज पेटीतल्या हवेने मोठा करायचा असतो. तो विजेने मोठा करायचा ठरल्यावर पेटी उलट आड येते. कर्ण्यातून आलेला आवाज पेटीत शिरतो, तिला हलवतो आणि शिट्टी सुरू होते. भजनाला माइक कर्ण्यासमोर धरला की जी कानठळी बसते, तीच ही. 1940 च्या सुमारास लेस पॉल या अमेरिकी वादकाने चार इंच बाय चार इंचाच्या पाइनच्या भरीव ठोकळ्यावर तारा ताणल्या आणि शिट्टीचा प्रश्न मुळातून सोडवला. लोकांना गिटार दिसावी म्हणून त्या ठोकळ्याला त्याने दोन्ही बाजूंनी पोकळ गिटारीचे पंख लावले. दहा वर्षांनी, 1950 मध्ये, लिओ फेंडरने कॅलिफोर्नियात भरीव फळीची गिटार बाजारात आणली. फेंडर मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा; त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. त्याने फळी कापली, वेगळी घडवलेली दांडी चार स्क्रूंनी तिच्यावर आवळली आणि बिघडलेला भाग काढून नवा बसवता येईल अशी सगळी रचना ठेवली. शेतीची अवजारंही अशीच असतात. फण झिजला तर फण बदलतात, तिफण नाही.

तिफणीचं नाव सहज आलं नाही. ज्या सुतारआबांकडे मी दांडीचं काम शिकायला गेलो, त्यांचा उमेदीचा काळ तिफणी, वखरं आणि डवरे करण्यात गेला. पेरणीयंत्रं ट्रॅक्टरमागे लागली, दारं-खिडक्या लोखंडाच्या झाल्या आणि त्यांच्या हाताला काम उरलं नाही. ही गोष्ट मला फार लागते. तिफणीचे तीन फण नेमक्या अंतरावर बसले नाहीत तर पेरणीच्या दिवशी कुणाच्या ध्यानात येत नाही. महिन्याभराने डवरा चालायला लागला की तो तासात न राहता पिकावर चढतो आणि मग शिव्या सुताराला बसतात. म्हणजे या माणसाने आयुष्यभर अशी मापं घेतली की ज्यांचा खरेखोटेपणा पुढे केव्हातरी, दुसऱ्याच्या हातात कळतो. गिटारीच्या दांडीवरचे पडदे नेमके हेच मागतात.

गिटारीचे पडदे सतारीसारखे धाग्याने बांधून वरखाली सरकवता येत नाहीत. दांडीत खाच पाडायची, तीत धातूची पट्टी ठोकायची. एकदा बसली ती बसली. मेरूपासून घोडीपर्यंत तारेची लांबी 648 मिलिमीटर धरून तिला 17.817 ने भागलं तर पहिला पडदा मेरूपासून 36.37 मिलिमीटरवर येतो. उरलेल्या लांबीला पुन्हा 17.817 ने भागायचं, की दुसरा. असं करत गेलं की बारावा पडदा बरोबर मध्यावर, 324 वर पडतो आणि तिथे वरचा षड्ज मिळतो. खगोलशास्त्रज्ञ गॅलिलिओचे वडील विन्चेन्झो गॅलिली स्वतः ल्यूट वाजवायचे. त्यांनी 1581 च्या आपल्या ग्रंथात यासाठी सरळ 18 चा भागाकार सांगितला होता. तोंडी हिशेबाला तो सोपा, पण 18 ने भागत गेलं तर माझ्या मापात बारावा पडदा मध्याच्या दोन मिलिमीटरहून जास्त अलीकडे राहतो आणि वरचा षड्ज उतरतो.

आबांना मी आकड्यांचा तक्ता दाखवला. त्यांनी तो वाचला नाही, एवढंच विचारलं, "मोजाचं कुठून?" एका पडद्यापासून पुढचा, असं मी म्हणताच त्यांनी मान हलवली. "सगळे एकाच जागेहून मोज. नाही तं चूक चूक करत शेवटी बोटभर होते." आणि गव्हाणीवरच्या ओट्यावर दांडी शिकंज्यात धरून, पोलादी पट्टी एकदा मेरूला टेकवल्यावर त्यांनी ती शेवटच्या खुणेपर्यंत उचलली नाही. खूण पेन्सिलीने करू दिली नाही. पेन्सिलीच्या रेघेला जाडी असते. त्यांनी पात्याच्या टोकाने ओरखडा घेतला आणि करवतीचं पहिलं ओढणं गुण्याला टेकवून, उलट्या दिशेने, अगदी हलकं मारलं. खाच पुरती अर्धा-पाऊण मिलिमीटर रुंद. सागात वाळूसारखा सिलिका असतो, त्याने पातं लवकर बोथट होतं, म्हणून दर थोड्या खाचांनंतर ते थांबून कानस घ्यायचे. सागाच्या अंगचं तेल फेविकॉल धरू देत नाही, म्हणून चिकटवण्याआधी थिनरचा बोळा फिरवायचा. दांडीच्या दोन पट्ट्या जोडताना एकीचा रेषा वर आणि दुसरीचा खाली ठेवायचा, म्हणजे एक वाकू पाहील तर दुसरी तिला अडवते. सहा तारा सुरात आवळल्या की दांडीवर पंचेचाळीस किलोच्या आसपास ताण येतो. अर्ध्या क्विंटलच्या जवळपासचं ते ओझं दांडी रात्रंदिवस वाहते, म्हणून तिच्या पोटात पोलादी सळई घालावी लागते. ती सळई बाहेरून आणली. आबांच्या मते बाभळीची दांडी असती तर तिचीही गरज नव्हती. हे मला अजून तपासून पाहायचंय.

लाकूड इथवर. गिटारीचा आवाज पिकअपमधून निघतो, आणि त्यासाठी मी आबांच्या घरून निघून मोटारी भरणाऱ्या भाऊंच्या दुकानात गेलो.

विहिरीवरची मोटार जळाली की ती भरायला टाकायची, हे आमच्याकडच्या रब्बी हंगामाचं नित्याचं दुखणं. भाऊंच्या दुकानात जळक्या वार्निशचा वास कायम असतो आणि भिंतीला तांब्याच्या तारेची रिळं लटकत असतात. हाताने फिरवायच्या चरकाला वेढे मोजणारा काटा लावलेला असतो. पिकअप म्हणजे लोहचुंबकाभोवती गुंडाळलेली तांब्याची तार. फरक फक्त जाडीचा: गिटारीला लागणारी 42 गेजची तार मिलिमीटरच्या सोळाव्या भागाइतकी, केसासारखी बारीक असते. तिचे जवळजवळ 8000 वेढे घ्यायचे. एका छोट्या काडेपेटीएवढ्या जागेत किलोमीटरहून जास्त तार मावते. ती मुंबईहून मागवली. भाऊंनी ती चिमटीत धरून उजेडात पाहिली, मग चरकाचा वेग कमी केला, तर्जनी आणि अंगठ्यामध्ये कापसाचा बोळा घेतला आणि त्यातून तार सोडत राहिले. ताण जास्त झाला तर तुटते, कमी झाला तर वेढे सैल पडतात आणि कर्ण्यासमोर ते स्वतःच शिट्टी घालतात. किती ताण, हे कोणत्याही पुस्तकात लिहून समजत नाही. भाऊंच्या चिमटीला ते कळत होतं.

गुंडाळता गुंडाळता त्यांनी विचारलं, याने होतं काय? मी सांगितलं की चुंबक वरच्या पोलादी तारेलाही चुंबक करून ठेवतो. तार हलली की वेढ्यांमधलं चुंबकत्व कमीजास्त होतं आणि तांब्यात वीज उठते. फॅरेडेने 1831 मध्ये दाखवलेलं तत्त्व हेच. तार पोलादाचीच हवी. तंबोऱ्याची पितळी तार चढवली तर पिकअपला ती ऐकूच येत नाही. भाऊ क्षणभर थांबले आणि म्हणाले, "म्हंजे मोटारच हाये ही. आपण करंट देऊन फिरवतो, इथं तुम्ही तार हालवून करंट घेता." इतक्या थोड्या शब्दांत इतकं नेमकं मी कुठे वाचलेलं नाही.

गुणगुणीचं कारणही त्यांनाच चटकन समजलं. पहिल्या जोडणीत भजनी मंडळाच्या मशीनला वायर लावली, तार छेडायच्या आधीच कर्ण्यातून घूं सुरू झाली. आपल्या विजेची 50 आवर्तनं आणि त्यांची पटीतली भावंडं वेढ्यांनी हवेतूनच उचलली होती. शेतातल्या थ्री फेजची वेळ आली की गुणगुण आणखी दाट व्हायची. अमेरिकेत सेथ लव्हर नावाच्या अभियंत्याने 1955 मध्ये यावर उपाय काढला: दोन वेटोळी शेजारी ठेवायची, वेढे एकमेकांच्या उलट आणि चुंबकही उलट. बाहेरची घूं दोन्हींत उलटसुलट येऊन एकमेकींना खाते. तारेचा आवाज मात्र दोन्हींत एकाच दिशेने येतो, म्हणून त्याची बेरीज होते. मी हे सांगेपर्यंत भाऊंनी दुसरं वेटोळं चरकावर चढवलंसुद्धा होतं.

घरच्या ओट्यावर घडलेल्या गिटारीचं जगातलं सगळ्यात नामांकित उदाहरण ब्रायन मे याचं. 1963 मध्ये शाळकरी वयाच्या या मुलाने इलेक्ट्रॉनिक्स अभियंता असलेल्या वडिलांसोबत इंग्लंडमधल्या आपल्या घरात काम सुरू केलं. दांडी जुन्या शेकोटीच्या चौकटीतल्या महोगनीची. लाकूड पोखरणाऱ्या किड्यांनी पाडलेली भोकं आगकाड्यांनी बुजवली. तारा सैल-ताण करणाऱ्या दांड्याखाली जुन्या मोटारसायकलच्या स्प्रिंगा, आणि दांड्याच्या टोकाला आईच्या विणकामाच्या सुईचं टोक. पडद्यांमधल्या खुणांना आईच्या डब्यातली शिंपल्याची बटणं. पुढे क्वीन या बँडच्या गाण्यांमधून ही गिटार जगभर ऐकली गेली, आणि तिच्यासोबत गाणारा फ्रेडी मर्क्युरी हा पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला फारुख बलसारा. पाचगणीत 1958 च्या सुमारास त्याने शाळकरी मुलांचा बँडही काढला होता. सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत ज्याच्या संगीताला सुरुवात झाली, त्याचा आवाज आणि शेकोटीच्या लाकडाचा आवाज एकत्र आले, याचं मला अपार अप्रूप वाटतं.

आणि पाचगणीपासून फार लांब नाही ते मिरज. तिथले सतार-तंबोरे करणारे कारागीर मूळचे शिकलगार, हत्यारांना पाणी देणारे. तलवारींचे दिवस सरले तेव्हा, एकोणिसाव्या शतकात, त्यांनी तेच हात भोपळ्याकडे आणि तुणाच्या लाकडाकडे वळवले. आज मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन आहे. मिरजेला जे साधलं ते करणाऱ्या हातांना दुसरं काम वेळेवर मिळालं म्हणून. माझ्या गावच्या आबांच्या वाकसाला आणि रंध्याला असं दुसरं काम कोण देणार, हा प्रश्न मला गिटारीपेक्षा मोठा वाटतो. पर्याय नसेलच असंही नाही. वरातीत वाजणारा बेंजो पाहा. ते मुळात जपानचं वाद्य; 1912 मध्ये नागोयात तयार झालं, इकडे बुलबुलतरंग झालं आणि आपल्या पोरांनी त्याला पिकअप लावून मिरवणुकीत आणलं. आमच्याकडच्या बेंजोवाल्यांना पिकअप दुरुस्तीसाठी दूर जावं लागतं. भाऊंचा चरक तर इथेच आहे.

गिटार पुरी झाल्यावर ती सर्वांत आधी ऐकली ती सप्ताहात विणा घेणाऱ्या बुवांनी. सप्ताहात विणा जमिनीवर टेकवत नाहीत, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. पंढरपूरहून परतीच्या वाटेवर गजानन महाराजांची पालखी गावातून जाते तेव्हाही बुवा पुढे असतात. त्यांनी मला सा आणि ग धरायला सांगितलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "गंधार चढा हाये बापू. पेटीवानी."

ते बरोबर आहे. पडदे बसवायच्या या हिशेबात गंधार शुद्ध गंधारापेक्षा सुमारे 14 सेंट, म्हणजे अर्ध्या सुराच्या सातव्या भागाएवढा चढा येतो. पेटीचाही तसाच येतो. आकाशवाणीने 1940 पासून तीसएक वर्षं पेटी दूर ठेवली त्यामागे हाही आक्षेप होता. आणि गिटारीत एक अडचण जास्त आहे: तार बोटाने ओढून सूर चढवता येतो, उतरवता येत नाही. म्हणून गिटारीवर राग वाजवणाऱ्या ब्रिजभूषण काब्रा यांनी ती मांडीवर आडवी घेतली, पडद्यांवर बोटं दाबणं सोडून तारांवर धातूची कांब फिरवली, आणि हवा तो गंधार त्यांना हव्या त्या जागी मिळू लागला.

तुळईचा एक तुकडा अजून कोठ्यात आहे, एका दांडीला पुरेल एवढा. तो पडद्यांशिवायच ठेवायचा, तारा उंच बसवायच्या आणि बुवांना हवा त्या जागचा गंधार काढायचा, असं मी म्हणतोय. आबांचं मत वेगळं. पडदे नसतील तर मग मापाचं काम काय उरलं, असं त्यांचं म्हणणं. त्यांना खाचा हव्यातच, फक्त बुवांच्या कानाने मोजलेल्या. पोळ्यानंतर बसायचं ठरलंय. पट्टी आबा आणतील, बुवांना कोठ्यात मी घेऊन येईन.